मिरोळचं माहेर

प्रिय भिंगोबा,

या नावाने बावीस वर्षांत तुला कुणी हाक मारली नसेल. कोशाच्या ऑफिसात ते मीच ठेवलं होतं, कारण भिंगाशिवाय तू डब्याचं झाकणसुद्धा वाचत नव्हतास. चारचौघांत आपलं अहो-जाहो, कपाटांच्या मागे गेलं की अरे-तुरे. तीच सवय इथे चालवते आहे. तुला ती चालेल का, हे विचारायचा हक्क मी केव्हाच गमावला, म्हणून विचारत नाही. हे पत्र तुझ्या गेलेल्या नावाबद्दल आहे आणि ते घालवणाऱ्या बाईबद्दल. वाचून झाल्यावर फाडलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी ऑफिसची खबर देते. जुनी इमारत सोडली. कार्डांचे लाकडी खण कुणीतरी उचलून नेले, त्यांत आता एका दुकानात खिळे आणि स्क्रू राहतात, मी डोळ्यांनी पाहून आले. आपले शिपाईमामा गेल्या वर्षी वारले. शेवटच्या भेटीत त्यांनी तुझी चौकशी केली आणि मी विषय बदलला. थोरल्या साहेबांच्या खुर्चीवर आता मी बसते. पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून खाली कोशाचा एक जाडजूड खंड ठेवला आहे. कुठला ते सांगत नाही, तू चिडशील.

काम मात्र तेच. एक शब्द किती भाषांत राहतो, कुठून निघाला, वाटेत कुठे काय अर्थ टाकून आला, हे शोधायचं आणि कार्डावर मांडायचं. शब्दाच्या मुळाला आपण गमतीने माहेर म्हणायचो. चावी, बादली आणि पगार हे तिघे एकाच पोर्तुगीज जहाजातून उतरले, हे तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंस आणि वर म्हणालास की त्यातला पगारच तेवढा अजून समुद्रात अडकतो. दप्तर हा शब्द मुळात कातड्याचा, लिहायच्या कातड्याचा, हे कळलं त्या दिवशी तू सगळ्या फायली हुंगत हिंडलास. इतकं हसले होते मी, की थोरले साहेब बाहेर येऊन उभे राहिले. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कुणी मोजायला सांगितले तर ते सगळे त्या खोलीत निघतील.

माझ्या आईबद्दल मात्र तुला फारसं बोलले नव्हते. ती दुसऱ्या भाषेच्या घरातून आमच्या घरात आली. गरम भांडं उतरवायच्या फडक्याला ती ‘मिरोळ’ म्हणायची. आजी आणि आत्या तिची नक्कल करायच्या, पाहुण्यांसमोर तर जास्तच. अगं मिरोळ आण मिरोळ, नाहीतर राणीसाहेबांचे हात भाजतील! मीसुद्धा हसायचे. आठ वर्षांची असताना मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की असला शब्दच नसतो. त्यानंतर तिने तो शब्द आमच्यासमोर उच्चारला नाही, आणि हळूहळू तिच्या भाषेतले बाकीचे शब्दही सोडले. शेवटी शेवटी ती इतकं कमी बोलायची की डॉक्टरांना वाटलं तिला ऐकू येत नाही.

आता नियमाकडे येते. थोरल्या साहेबांच्या लेखी कार्ड कुणी टाइप केलं याला काडीची किंमत नव्हती. खाली एकच सही असायची, ‘पाहिलं’ या शब्दासमोर. आधार म्हणून दिलेलं मूळ पुस्तकातलं मूळ पान ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याची सही, आणि तो माणूस कार्ड करणाऱ्याहून वेगळा हवा. माझी कार्डं तू बघायचास, तुझी मी. वर्षभर हे इमानदारीने केलं. मग एकदा आई आजारी पडली, मला लवकर घरी जावं लागायचं, तेव्हा तू पन्नास कोऱ्या कार्डांवर सह्या करून गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवलास. म्हणालास, तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं. भिंगोबा, त्या वाक्याने मला जे झालं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या घरी वहिनी होत्या, सहा वर्षांची मुलगी होती, आणि मी काही खुळी नव्हते. मीही तुला पन्नास कार्डं सह्या करून दिली. आपण एकमेकांना दुसरं काही देऊ शकत नव्हतो.

तुझ्या सहीच्या पन्नासातल्या एकावर मी ‘मिरोळ’ टाइप केला. अर्थ खरा लिहिला. माहेर मात्र बनवलं. दोन दूरच्या भाषांतले सख्खे भाऊबंद शोधून काढले, म्हणजे मनानेच रचले, आणि आधार दिला खलाशांनी लिहून ठेवलेल्या आपल्या त्या जुन्या जहाजी शब्दयादीचा, पान एकशे बारा. त्या यादीची सापडलेली एकच प्रत शहाण्णव पानांवर संपते आणि पुढची पानं कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच तो आकडा घातला, कुणी बघायला जाणार नाही म्हणून. चूक नव्हती ती, लबाडी होती. चौथा खंड छापून आला तेव्हा मी तो आईच्या पलंगावर नेला आणि तिचा शब्द दाखवला. तिने बोट ठेवून तीनदा वाचला. मग मला म्हणाली, म्हणजे असतो. दोन महिन्यांनी ती गेली.

दोन वर्षांनी परदेशातल्या कुणा अभ्यासकाचं पत्र आलं की पान एकशे बारा तुम्ही कुठे पाहिलंत, आम्हालाही दाखवा. पुढचं तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने कधी ऐकलेलं नाहीस. चौकशी समितीसमोर आपण सगळे बसलो होतो. कार्ड हातोहात फिरलं. ते तुझ्यापर्यंत आलं तेव्हा तू आधी शब्द वाचलास, मग माझ्याकडे पाहिलंस, आणि तुला सगळं कळलं. थोरल्या साहेबांनी विचारलं, कार्ड कुणी केलं? तू म्हणालास, मीच केलं, मीच पाहिलं. मी तुझ्यापासून तीन खुर्च्या सोडून होते. तोंड उघडायला मला पूर्ण दुपार मिळाली होती. मी बोलले नाही, कारण माझी नोकरी जाईल याची मला भीती वाटली. बाकीची कारणं मी नंतर जमवली.

तुला काढलं. तुझ्या सहीची चार हजार कार्डं संशयित म्हणून बाद झाली. ती पुन्हा तपासायचं काम माझ्याकडे आलं. एकातही खोट सापडली नाही, तसं मी लिहून दिलं, पण ‘पाहिलं’ समोर आता माझी सही होती. त्या कामावर मी इथवर चढले. तू औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायला लागलास, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. एकदा रस्त्यात भेटलास तेव्हा माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आता इतक्या वर्षांनी ही बाई का लिहिते आहे, ते सांगते. काल तुझी मुलगी ऑफिसात आली होती. आपण काय शोधतो आहोत ते तिने तुला कधी सांगितलेलं नाही, असं ती म्हणाली. शाळेतली नोकरी सोडून तीन वर्षं ती पान एकशे बारा शोधते आहे. तिच्या फाइलीत बेचाळीस ग्रंथालयांची नकारपत्रं आहेत, लग्न तिने दोनदा पुढे ढकललंय, आणि सोमवारी ती एका परदेशी संग्रहात दोन वर्षांसाठी निघाली आहे. मला म्हणाली, बाबा खोटं बोलत नाहीत, त्यांनी पाहिलं म्हणजे ते पान आहे. तिला आमच्या संस्थेचं शिफारसपत्र हवं होतं. आणि भिंगोबा, मी ते पूर्ण वाचून त्यावर सही केली. तिने माझे आभार मानले. आज सकाळी मी विश्वस्तांना सगळं लिहून पाठवलं, त्याची प्रत सोबत आहे, पण तेवढ्याने सोमवारच्या आत तुझी मुलगी थांबणार नाही. रविवारी सकाळी मी तुझ्या घरी येते आहे. तिला घरी ठेव. ते पान कधीच नव्हतं, हे मी तिला तोंडाने सांगणार आहे, आणि आपला बाप खोटं बोलला होता हेही तिला त्याच वेळी कळणार आहे. त्यातून तुला वाचवायचा रस्ता मी कालपासून शोधला, मिळाला नाही. एवढंच कर, दार तू उघड. तिने उघडलं तर मी पुन्हा गप्प बसेन अशी मला भीती वाटते.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची