याबाच्या बहिणीचे खरे नाव

मी, गावात अफीबा म्हणून ओळखली जाणारी, वय साठीच्या पुढे, राहणार सुरीनामच्या वरच्या नदीवर, धबधब्याजवळचे गाव, हे शेवटचे सांगणे लिहवून ठेवते. गुडघे गेले, पण डोके जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते कोणाला कधी जमलेही नाही.

माझे खरे नाव अकुबा. उसाच्या मळ्यातून मी पळाले तेव्हा आपला, म्हणजे आधीच मळे सोडून रानात वसलेल्यांचा, गोऱ्यांशी तह होऊन पाच वर्षे झाली होती. नवा पळालेला गुलाम परत करायचा, असे तहात कलम होते. गोऱ्यांची माणसे मला शोधत आली तेव्हा या गावच्या याबा नावाच्या बाईने माझा हात धरला. "ही माझी धाकटी बहीण अफीबा. तापानं वाळलीये नुसती." खरी अफीबा त्याच वर्षी धबधब्यात बुडाली होती. गावाने माना डोलावल्या. बेचाळीस वर्षे मी तिच्या नावावर जगले.

१. आपल्यात बाईचे सगळे बहिणीच्या लेकीकडे जाते. मी याबाची रक्ताची बहीण नाही, तरी माझे घर, शेत, कोयता, भोपळ्याचे कोरीव वाडगे, सगळे याबाची लेक सेफा हिलाच मिळावे. तिला मी खांद्यावर वाढवली आहे. रक्ताची गोष्ट काढील त्याला मेलेल्या याबाची शपथ.

२. भाताचे बी. पळायच्या दिवशी आईने वेण्या घालताना माझ्या केसांत मूठभर भात दडवले. म्हणाली, "डोकं खाजवू नकोस गं, जेवण सांडेल." ती मागेच राहिली. बी आणणारीचे नाव भाताला द्यायची आपली रीत, म्हणून गाव त्याला 'अफीबाचे भात' म्हणते. ते बदलू नये. त्या पोरीच्या नावाने मला वाचवले. भात तिचेच राहू द्या.

३. मला मात्र मेल्यावर पाणी ओतून हाक माराल तेव्हा अकुबा म्हणा. अफीबा म्हटलेत तर पलीकडे आई मान वर करणार नाही. तह अजून चालू आहे, म्हणून हा कागद नदीच्या खालच्या अंगाला, गोऱ्यांच्या मुलखात जाऊ देऊ नये.

४. नवऱ्याने कोरलेले स्टूल शेजारीण अबेनी हिला. तिने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए तांदूळवाले" यापुढे तिची जीभ गेली नाही. रोज दारात उभी राहून टोमणे मारले, पाय दुखले असतील.

भाताची कापणी उरकल्यावर, सन १८०९.
अकुबा (अंगठा)

लिहिणार : क्वामी, मिशनवाल्यांकडे अक्षरे शिकलेला.

साक्षीदार :
सेफा (अंगठा)
अबेनी (अंगठा). तिच्या हट्टावरून तिचे बोलणे लिहिले आहे :

"अफीबा माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या नावानं दुसरीला हाक मारायला माझी जीभच वळेना. पण गोरे हिला शोधत आले त्या दिवशी होडीपाशी त्यांनी मला एकटीला गाठलं होतं. 'खरंच अफीबा का ती?' म्हणाले. मी म्हटलं, 'एका वाडग्यात जेवलोय आम्ही, मी ओळखणार नाही होय?' स्टूल तुझ्याच दारात राहू दे, अकुबा. मी येतेच आहे रोज."