ललिताच्या मेणाच्या ठोकळ्याची व्यवस्था

मी, दशरथ गेनबा ओव्हाळ, वय एकोणसाठ, संस्कृतचा प्राध्यापक, राहणार बिबवेवाडी, पुणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. दडपण असलेच तर या कागदाचे. वकीलसाहेबांनी दिलेला हा कागद शाई अशी पितो, की 'स्थावर' लिहावे तर डबके होते. मरणाऱ्याला निदान बरा कागद मिळावा, ही माझी पहिली इच्छा. ती अपुरी राहिल्याची नोंद घ्यावी.

राहती सदनिका मुलगा सौरभ आणि मुलगी आम्रपाली यांना समसमान. सौरभ हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे संगणक सांभाळतो. माझा फोन मात्र त्याला दुरुस्त करता आलेला नाही. तो त्यालाच द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

माझे संस्कृत कोश येरवड्याच्या विहारातील वाचनालयाला. महाविद्यालयात पहिल्याच दिवशी एका सरांनी विचारले होते, "ओव्हाळ, तुम्हाला हे कशाला?" उत्तर द्यायचे राहून गेले. ते तिथल्या मुलांनी द्यावे.

आता मुख्य वस्तू. माझ्या कपाटात स्टीलच्या डबीत मेणाचा ठोकळा आहे. त्यात माझी पत्नी ललिता हिच्या स्तनातील गाठीचा तुकडा आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला रुग्णालयाने तो आमच्या हाती दिला. २००३ साली ललिता गेली. ठोकळा परत मागायला कोणी आले नाही. मेहुणी सरोजिनी म्हणाली, "दाजी, ही पीडा घरात कशाला? अस्थींबरोबर पिंपळाखाली पुरून टाका." मी ऐकले नाही. उलट, उन्हाळ्यात वितळेल म्हणून फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवला. पुढे जीवशास्त्र शिकलेल्या आम्रपालीने तो बाहेर काढला. "अहो बाबा, हा साध्या कपाटात टिकतो!"

ललिताचा कर्करोग जहाल जातीचा. नेमका वेध घेणारी औषधे पेशींच्या ज्या तीन खुणा धरून काम करतात, त्यांतली एकही त्याच्यात नसते. कुलूपच नाही, तर किल्ली लावणार कुठे? आज आम्रपाली पुण्यातच, याच रोगातील मायक्रोआरएनएवर संशोधन करते. हे पेशीतले अगदी आखूड रेणू. मोठमोठ्या जनुकांचे निरोप मध्येच अडवून त्यांना गप्प करतात. त्यांतले काही कमी झाले की गाठीतल्या पेशी जागा सोडून शरीरभर निघतात.

मी म्हणालो, "म्हणजे तुझी आईच. एक शब्द बोलायची, आणि माझे अख्खे व्याख्यान बंद."

"आणि आता तुम्हाला आवरायला कोणी नाही," ती म्हणाली.

तिचा शोधनिबंध छापून आला तेव्हा मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. चारच शब्द कळले: डॉ. आम्रपाली दशरथ ओव्हाळ. ते बिबवेवाडीत ज्याला त्याला दाखवले. वाण्यालाही सोडले नाही.

हे रेणू मेणात वर्षानुवर्षे टिकतात, असे ती सांगते. म्हणून माझ्या पश्चात ठोकळा कोणत्याही झाडाखाली पुरू नये. रीतसर परवानगी काढून तिच्या प्रयोगशाळेला द्यावा. त्यावर ललिताचे नाव नसेल, क्रमांक असेल. आणि तो कापायचे काम आम्रपाली स्वतः करणार नाही, असे तिचे म्हणणे. मान्य. माझ्या हयातीत मात्र तो माझ्याजवळच राहील. याला शास्त्राधार नाही.

वाचून, समजून घेऊन सही केली.
दशरथ गेनबा ओव्हाळ

आमच्यादेखत सही झाली, लिहिणारा शुद्धीत होता:
१. डॉ. उत्तरेश्वर माने
२. पोपट शिवराम कांबळे, शेजारी

पुणे, ९ नोव्हेंबर २०१९

सहीखालचा मजकूर कायदा धरत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून हे इथे लिहितो. कोणत्याच कलमात ते बसले नाही. ललिताला गाठ लागली त्या वयाला आम्रपाली येऊन ठेपली आहे. लोकांच्या गाठी तपासते, स्वतःची तपासणी करून घेत नाही. विचारले की म्हणते, "हा प्रयोग संपू द्या ना, बाबा." मला भीती वाटते.