पडद्यावरचा हात

९ जुलै, मंगळवार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते काही आपल्या भांडणावर अवलंबून नाहीत. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण काठीचं नाव काढलं की तोंड फिरवून बसतात. तुझी भाची परीक्षा संपल्यापासून दहा वाजेपर्यंत झोपते आणि वर मलाच दमलीस का म्हणून विचारते.

तुझे चार फोन येऊन गेले. मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी चिडले की रडते, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या प्रशिक्षणाबद्दल. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू? केमोच्या वॉर्डात काम करून करून सगळं कोळून प्यायलो असं मानणाऱ्या आम्हा तीस नर्सना तू दोन दिवस जागं ठेवलंस, हेच मोठं. पंचवीस वर्षं सुया लावणाऱ्या मला सरावाच्या त्या रबरी हातात शीर सापडेना, तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "मॅडम, घाई नको." मीसुद्धा हसले. शीर कशी शोधायची हे तुला मीच शिकवलं होतं, स्वयंपाकघरात बसून, माझ्याच हातावर. मला राग आला नाही. उलट शेजारी बसलेल्या आमच्या वॉर्डातल्या नर्सला कोपराने ढोसून मी सांगितलं, "ही माझी धाकटी बहीण."

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तू तो हात पडद्यावर लावलास.

चिमणे, तो फोटो मी तुला का पाठवला होता? शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचा उजवा हात, मीच लावलेल्या सुईतून केमोचं लाल औषध शिरेबाहेर जाऊन आतलं मांस जळालेलं. तुझ्या मोठ्या डॉक्टरांना विचार, काही करता येईल का, म्हणून पाठवला होता. हात वाचावा म्हणून. सोबत "हे पोटात ठेव" असंही लिहिलं होतं, आणि तू लिहिलंस, "ताई, हे सांगायला लागतं का?"

लागतं, हे आता कळलं.

तू नाव घेतलं नाहीस, कबूल. "एका अनुभवी नर्सची गोष्ट," म्हणालीस. पण फोटोच्या कोपऱ्यात तो हात धरलेला माझा अंगठा होता, नखापाशी भाजल्याचा डाग असलेला. शेजारच्या नर्सने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या माझ्या हाताकडे. मी अंगठा मुठीत घेतला, आणि तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. ओठ पिळले तर दूध निघेल अशा पोरी वह्यांमध्ये माझी चूक उतरवून घेत होत्या, आणि तू पडद्यावर ठिपका नाचवणाऱ्या त्या लाल दिव्याने मला भोक पाडत होतीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

जेवताना तू आलीस आणि म्हणालीस, "अगं, शिकवण्यासाठीच तर वापरलं. उद्या चार जणींचे हात वाचतील." तुझं म्हणणं खरं आहे, म्हणून तर तोंडात घास फिरायला लागला. पण एकदा विचारायचंस. मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस ना? तुझ्या फीसाठी मी रात्रपाळ्या केल्या ते काढत नाही, ते माझं कर्तव्य होतं. पण माझी लाज मी एका माणसाजवळ ठेवली होती, आणि ते माणूस माईक घेऊन उभं राहिलं.

इथपर्यंतचं पत्र मी शनिवारीच लिहिलं होतं. पाकीटही बंद केलं होतं; आज ते फोडून वरची तारीख बदलली. पण फोटोनंतरची तुझी ती ओळ डोक्यातून जाईना: "रुग्ण बोलत नाहीत, त्यांना बोलतं करा." त्यावर मागून एक जण म्हणाली, "बायका ना, सोसत बसतात हो. यांनी वेळेवर सांगितलं असतं तर हात वाचला असता." आणि तू मान डोलावलीस.

तुझा तरी काय दोष? मी तुला तसंच सांगितलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत, मला कळलं तोवर उशीर झाला होता, असं. नोंदवहीतही मी तेच लिहिलं: रुग्णाने तक्रार केली नाही.

त्या बोलल्या होत्या.

दोनदा बोलल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "सिस्टर, जळतंय हो." मी दुसऱ्या खुर्चीवरच्या आजोबांची बाटली बदलत होते. तिथूनच म्हटलं, "औषध कडक आहे, थोडी कळ काढा." मी सगळ्यांनाच म्हणते तसं. दुसऱ्यांदा त्यांनी माझी बाही ओढली. मी बाही सोडवून घेतली. रक्त मागे येतंय का, सुई शिरेत आहे का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. मी बघितलं नाही. मी वळून आले तेव्हा हात फुगला होता आणि त्या गप्प होत्या, कारण मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं.

तू माझं गुपित फोडलंस म्हणून मी चार दिवस जळतेय. आणि जे मी तुझ्यापासूनही लपवलं, त्याचा ठपका त्या बिचारीवर, तोही तीस जणींसमोर.

काल त्या तपासणीला आल्या होत्या. तीन बोटं वळत नाहीत, कात्री आता सूनच धरते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि मी काय लिहिलं होतं ते सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी पदराने तो हात झाकला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मीच हळू बोलले असेन."

दुपारी मी मेट्रनबाईंना लेखी दिलं. चौकशी बसेल. तोवर सुया लावायच्या नाहीत, फक्त कपाटं आणि कागद. तुझे भावजी म्हणतात, झाकली मूठ उघडलीस कशाला?

आता तुझं काम. पुढच्या तुकडीआधी ती ओळ बदल. लिही, रुग्णाने दोनदा सांगितलं होतं, नर्सने ऐकलं नाही. माझं नाव घाल, माझी परवानगी आहे. फोटोसाठी मात्र त्यांच्या घरी जा आणि त्यांना विचार. नाही म्हणाल्या तर काढून टाक. जे मला विचारलं नाहीस ते निदान त्यांना विचार.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. तुझ्यामुळे खरं बाहेर आलं, हे खरं. पण तू ते त्यासाठी केलं नव्हतंस. घरी ये, जेव, भाचीला भेट. मनातलं मात्र आता तुला सांगवणार नाही, आणि ते सांगायला मला दुसरं कुणी नाही, हे तुला माहीत आहे.

शेवटी नेहमी "तुझी" लिहिते. आज लिहवत नाही.

ताई