घरी ठेवायचा तुकडा

प्रिय तेनरी,

तुझ्या नवऱ्याच्या नव्या गलबताचा कणा परवा तानाबेरूच्या किनाऱ्यावर कापला. मी इतकी हसत होते की शेजारीण म्हणाली, "म्हातारे, कवळी पडेल!" सुताराने करवत एका दमात चालवली. पुढचं टोक समुद्राला दिलं, मागचं माझ्या हातात. दर्यावर्द्याच्या बायकोने घरी जपायचं ते, म्हणजे तो सुखरूप परततो. तू येईपर्यंत माझ्याकडे. अजून ओलं आहे गं, छान वास येतो.

तुमच्या बोटीवरचे पाहुणे विचारतात ना, पिनिसी म्हणजे काय? अगं, पिनिसी म्हणजे गलबत नव्हेच. दोन डोलकाठ्या, सात शिडं आणि ती बांधायची तऱ्हा, ती पिनिसी. आता इंजिनावर धूर सोडत जाणाऱ्या बोटींनाही तेच म्हणतात. तुझे आजोबा म्हणायचे, "शिडं उतरवली की उरतं ते नुसतं लाकूड!" शाळेत मी दोनच यत्ता शिकले, पण हे मला येतं.

आता तुझं मागणं. आजोबांच्या गलबताचा तुकडा नव्याशेजारी ठेवायचाय म्हणतेस. चार दिवस पत्र इथंच अडलंय. मधे केळी तळली, कोंबड्या कोंडल्या, पुन्हा बसले.

तुझी आई तेव्हा पोटात होती. आजोबा ईदला येतो म्हणाले, आले नाहीत. मासळीवाली सांगून गेली, "तुझ्या नवऱ्याने ग्रेसिक बंदरात दुसरी केलीय." मी कुऱ्हाड घेतली, तो तुकडा फोडला, चुलीत घातला. त्यावर भात शिजवला आणि पोटभर जेवलेसुद्धा.

त्यानंतर नवव्या दिवशी ते आले. डोलकाठी मोडलेली, माझ्यासाठी आणलेलं लुगडं भिजलेलं. दुसरी-बिसरी कुणी नव्हती. वादळात त्यांचा धाकटा भाऊ वाहून गेला होता. मी वादळाचा वार विचारला. त्या तुकड्यावर मी भात शिजवला, तोच वार. म्हणाले, "तुकडा घरी होता, म्हणून मी तरी परतलो."

मी कशी सांगू? दुसऱ्याच दिवशी फणसाचा एक ठोकळा चुलीवर धुरकटवून पेटीत ठेवला. पुढं चाळीस वर्षं प्रत्येक सफरीआधी ते त्याला कपाळ लावायचे. शेवटच्या आजारात छातीशी घेऊन निजले होते. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

म्हणून हे लिहिलं, तेनरी. पेटीतला तो ठोकळा मागू नकोस, त्यात काही नाही. तुझा खरा तुकडा मात्र तूच येऊन घेऊन जा, लवकर ये. तोवर मी घरात चूल पेटवत नाही, शेजारणीकडे जेवते.

तुझीच,
तोंड लपवणारी आजी