लाखोळीच्या शेतातला कारखाना

बाबूजी,

मला तुमची किळस येते. राग म्हणाल तर तो केव्हाच विझला. राग असतो तोवर माणूस समोरच्याचं म्हणणं ऐकायला तयार असतो, निदान भांडायला तरी तयार असतो. तुमच्याशी मला भांडायचं नाही. तुम्ही असताना भांडून झालं, त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि तुम्ही गेल्यावर शाळेच्या शोकसभेत तुमच्या सचोटीवर भाषणं झाली तेव्हा मी मागच्या बाकावर बसून पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं, पोरगी रडून राहिली. मी रडत नव्हते.

अडाणी माणसानं हे केलं असतं तर मी विसरले असते. तुम्ही अडाणी नव्हता, हेच तर दुखणं आहे. भंडाऱ्याच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तुम्ही मला शेअर म्हणजे काय ते शिकवलं. आई सुपात तांदूळ पाखडत असायची आणि तुम्ही तिच्या सुपातलेच दाणे उचलून फरशीवर मांडायचे. हा कंपनीचा एक हिस्सा, हा दुसरा. कंपनीनं कमावलं तर तुझ्या दाण्याला फळ, बुडाली तर दाणा गेला. तेव्हा सरकारनं विलायती कंपन्यांना आपला हिस्सा कमी करून इथल्या लोकांना शेअर द्यायला लावले होते, आणि तुम्ही, साधे गणिताचे मास्तर, नागपूरहून फॉर्म आणून खोकल्याचं औषध करणाऱ्या एका विलायती कंपनीचे शेअर मागवले होते. ते मिळाले. दोन-तीन वर्षांत एका शेअरवर एक शेअर फुकट, बोनस म्हणून मिळाला. मोहल्ल्यात तुमचं नाव झालं. पण तुम्ही हुरळून गेला नव्हता. "विलायती नाव पाहून भुलू नोको," तुम्ही मला म्हणायचे. "गोऱ्या मालकाचं सरकारशी नाही पटलं तं उद्या तो कुलूप लावून चालला जाईन. आपला पैसा त्याच्या एकट्याच्या भरवशावर नाही ठेवायचा. चार ठिकाणी ठेवायचा. आन् जो पैसा पुढच्या चार-पाच वर्षांत लागणार हाय, थो तं ठेवायचाच नाही." मी किती वर्षांची होते तेव्हा? फ्रॉकमध्ये होते. तरी मला ते सगळं कळत होतं, इतकं तुम्ही छान सांगायचे. मॅट्रिक पास झाले तेव्हा त्याच कंपनीचे थोडे शेअर माझ्या नावावर केलेत. इतर मुलींना घड्याळं मिळाली होती. मला अभिमान वाटला होता.

मग ती दुसरी कंपनी आली. जर्मन कंपनीच्या सहकार्यानं, आपल्याच जिल्ह्यात, तुमसरच्या पुढं बपेऱ्याच्या रस्त्याला कारखाना. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं, वर निळ्या रंगाचं यंत्र. शाळेतल्या कितीतरी मास्तरांनी थोडे-थोडे घेतले. तुम्ही थोडे नाही घेतले. चार ठिकाणी ठेवायचा पैसा तुम्ही एकाच ठिकाणी ठेवला, कारण खोकल्याच्या औषधानं तुमची चटक वाढवली होती. याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. हाव कोणाला सुटत नाही? माणूस चुकतो, बुडतो, कपाळावर हात मारतो आणि पुढं चालतो. एवढंच झालं असतं तर आज मी तुमच्यावर काही दुसरं लिहिलं असतं.

कारखाना बघायला तुम्ही मला मुद्दाम नेलं. मी तेव्हा कॉलेजात कॉमर्सला होते. म्हणालात, "ज्याच्यात पैसा टाकला थे डोळ्यानं पाह्यलं पाहिजे. चाल, तुलेही समजन." हिवाळ्यातला रविवार. आईनं पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली. तुमसरहून बपेऱ्याच्या एस.टी.त बसलो, मधेच उतरलो, आणि विचारत विचारत शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालत गेलो. मला तो रस्ता अजून दिसतो. तुमचं धोतर इस्त्रीचं आहे, चपलेला दव लागून राहिलं आहे, आणि तुम्ही मला भागभांडवल म्हणजे काय ते समजावत चालला आहात. पुढं दोन सिमेंटचे खांब दिसतात. त्यांच्यामध्ये लोखंडी फाटक, त्यावर कंपनीची पाटी. भिंत नाही. फाटकाच्या डाव्या बाजूनं एक म्हातारा शेतकरी बैल हाकत आत जातो आहे. आत बांध घातलेल्या भातशेतांच्या बांध्याच बांध्या, आणि त्यात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, निळ्या फुलांवर आलेली, पार झाडांच्या रांगेपर्यंत.

"कारखाना कुठी हाय जी?" तुम्ही त्याला विचारलंत.

"कारखाना?" तो हसला. "साहेब लोक आले, फाटक लावलं, फोटू काढले आन् गेले. वरीस होऊन गेलं. मंग आमीनं लाखोरी टाकली. रिकामी कायले ठेवाची?"

"यंत्रं येणार होती ना?"

"आमाले तं कोनी नाही सांगतलं जी. तुमी त्याईचेच मानसं हा का?"

तुम्ही नाही म्हणालात. आपण धुऱ्यावर बसून पोळ्या खाल्ल्या. मला तुमची कीव आली होती, बाबूजी. वाटलं, तुमचा हात धरावा. परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "घरी बोलू नोको," आणि मला वाटलं, तुम्हाला लाज वाटते. मी मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही नागपूरला दलालाकडे जाऊन आलात. येऊन आईला नाही, मलाच सांगितलंत, कारण दुसरं कोणी घरात ते समजणारं नव्हतं: शेअरला गिऱ्हाईक नाही. कोणीही, कोणत्याही भावानं घ्यायला तयार नाही.

आणि मग गिऱ्हाईक तुम्हाला सापडलं. आईचा सख्खा भाऊ.

मामाजी आंधळगावचे. त्यांच्या काही बांध्या कालव्यात गेल्या होत्या आणि सरकारकडून मोबदला मिळाला होता. गावातच विहिरीची एक जमीन विकायला निघाली होती, तिचं बोलणंही झालं होतं. ते फक्त तुमचा सल्ला घ्यायला आले होते, कारण मोठ्या बहिणीचा नवरा, शिकलेला, मास्तर. त्या दिवशी आईनं भावासाठी वडे केले होते. तुम्ही त्यांना आपल्या शेजारी बसवलंत, आपल्या हातानं वाढलंत. तो आवाज मला अजून ऐकू येतो, वर्गातल्या ढ पोराला समजवायचा तुमचा तो मऊ आवाज. "जमिनीत काय ठेवलं हाय? पाणी आलं नाही तं गेलं साल. हे जर्मन काम हाय. मी दुसऱ्या कोणाले देत नाही. तुह्यासाठी बाजूले काढून ठेवले." आणि तुम्ही भाव सांगितला. ज्या भावानं तुम्ही घेतले होते त्याच्यावर चढवून सांगितला. बाबूजी, बुडालेल्या मालावर तुम्ही नफा घेतला. मला बाकी सगळं एकवेळ गिळता येतं, हे येत नाही.

मी उंबऱ्यात उभी होते. मी बोलले. तुम्ही गाडीत सांगितलेलं मोडून बोलले. "मामाजी, तिथं कारखाना नाही. मी पाहून आली. तिथं लाखोळी हाय."

तुम्ही दचकलाही नाहीत. हसलात. "फाटक लागलं हाय, काम सुरू व्हाचं हाय. या कॉमर्सच्या पोरी चार पुस्तकं वाचते आन् घाबरते."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, उलट समजूत काढल्यासारखं म्हणाले, "पोरी, तुहे बाबूजी मले फसवतीन का वो?"

उत्तर होतं, पण ते वीस वर्षांच्या मुलीनं बापाच्या तोंडावर, मामाच्या ताटावर कसं द्यायचं? मी तरी दिलं. "हो," म्हणाले. तुम्ही उठून माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. मामाजींनीच तुमचा हात धरला आणि माझ्या वतीनं तुमची माफी मागितली. जमिनीसाठी सोबत आणलेले पैसे तुमच्या हातात ठेवून, कागदावर सही करून ते दुपारच्या गाडीनं गावी गेले.

हस्तांतराच्या कागदावर साक्षीदार लागतो. तो कागद रात्री तुम्ही माझ्यापुढं धरलात, जणू सकाळी काही झालंच नव्हतं. मी पेन घेतला नाही. मग शाळेतल्या कोण्या मास्तरांची सही घेतली असेल. आईनं त्या रात्री तुम्हाला एकच विचारलं, "पोरगी बोलली थे खरं हाय का?" तुम्ही म्हणालात, "व्यवहारातलं तुले काय समजते?" ती सकाळच्या पहिल्या गाडीनं आंधळगावला गेली. संध्याकाळी परत आली, हातपाय धुतले, चुलीपुढं बसली आणि मला सांगितलं. भावानं तिचं ऐकून घेतलं होतं, पटलंही होतं त्याला. पण तो म्हणाला, "बाई, आता पैसे वापस मागतले तं भाऊजीचा अपमान होते. तुहं घर हाय थे." तुम्हाला हे ठाऊक होतं. तो परत मागणार नाही, मागूच शकणार नाही, हे तुम्ही मोजूनच धरलं होतं. दलालाला तुम्ही फसवू शकला नसता, अनोळखी माणसाला नसता. फक्त जो तुमचा मान राखतो त्यालाच फसवता येत होतं.

त्या दिवसापासून आई तुम्हाला वाढायची, पण अजून घ्या असं कधी म्हणाली नाही. तुमच्या लक्षात तरी आलं होतं का?

कंपनीकडून पुढं काही आलं नाही. विहिरीची जमीन दुसऱ्यानं घेतली. मामाजींच्या उरलेल्या बांध्यांवर दोन घासांचं भागेना, म्हणून ते तुमसरला राईस मिलमध्ये पोती उचलायला लागले, केस पिकल्यावर. आपण दोघं एका लग्नाला तुमसरला गेलो होतो, तेव्हा ते मिलच्या फाटकाशी दिसले. डोक्यापासून पायापर्यंत कोंडा. आपल्याला पाहून धावत आले, हात पुसले, रस्त्यातच वाकून तुमच्या पाया पडले. आणि तुम्ही पाय मागं घेतले नाहीत. "बरं चाललं हाय ना?" असं विचारलंत. ते म्हणाले, "तुमची मेहरबानी हाय जी." मी तोंड फिरवलं. गाडीत बसल्यावर तुम्ही खिडकीबाहेर पाहत, मी विचारलं नसताना म्हणालात, "शेअरमध्ये धोका तं राह्यतेच. त्यानं सारा पैसा एकाच कंपनीत टाकाले नोको होता."

ज्या वाक्यानं तुम्ही मला शिकवलं, तेच वाक्य तुम्ही त्या कोंड्यानं भरलेल्या माणसाच्या माथी मारलंत. तुम्हाला ते स्वतःला खरं वाटत होतं, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बँकेत नोकरी लागल्यावर मी माझ्या नावावरचे ते खोकल्याच्या औषधाचे शेअर विकले आणि पैसे मामाजींना नेऊन दिले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी घेतले. आभार मानले नाहीत, कशाचे तेही विचारलं नाही. मला बरं वाटलं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की मी घाई केली, अजून एक बोनस येणार होता. तो आलाही.

आता माझा मुलगा पुण्याहून फोनवरच अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर घेतो. पूर्ण शेअर महाग असेल तर त्याचा तुकडासुद्धा मिळतो म्हणे. मध्यंतरी विचारत होता, एकाच कंपनीत सगळं टाकू का, ती फार वर चालली आहे. मी त्याला सांगितलं, कंपनी कितीही चांगली असू दे, एकटीवर विसंबू नको. डॉलरचा भाव कोणत्या बाजूला जाईल ते तुझ्या हातात नाही, तिकडचा कर वेगळा, इकडचा वेगळा, आणि घराच्या हप्त्याचे पैसे यात घालू नको. कंपनी पैसा कशातून कमावते ते दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर घेऊच नको. तो म्हणाला, "आई, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "कॉलेजात." तुमचं नाव मी माझ्या मुलाच्या कानावर चांगल्या कारणानं पडू देणार नाही.

मामाजी गेल्या पावसाळ्यात गेले. मी आंधळगावला गेले होते. खोलीत देवांच्या बाजूला भिंतीवर तुमचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मी मामींना विचारलं, हा इथं कशाला? त्या म्हणाल्या, "त्याईनंच लावला. म्हणे, भाऊजीनं आपल्याले आपलं समजून देले, कंपनीनं फसवलं." मला त्या मेलेल्या म्हाताऱ्याचीही क्षणभर किळस आली, इतका कसा माणूस वाकतो. वाटलं, फोटो उतरवावा आणि मामींना सगळं सांगावं. सांगितलं नाही. त्या घरात त्या दिवशी तेवढंच बाकी राहिलं होतं.

हे कुठं पाठवायचं नाही, आणि मी ठेवणारही नाही. एकच लिहायचं राहिलं. माझ्याकडे तुमचा एकही फोटो नाही, मी ठेवलाच नाही. मामाजींच्या घरून निघताना चप्पल घातली, अंगणात आले, आणि पाण्याचा तांब्या आत राहिला असं सांगून परत खोलीत जाऊन तुमच्या फोटोपुढं उभी राहिले. तांब्या माझ्या हातातच होता.