गासच्या माळावरचा मुरारी

१० फेब्रुवारी १९५२, रविवार

मुरारी! गासच्या माळावर मुरारी! आधी चिमणीच समजून पुढे निघाले होते. तेवढ्यात तो उडाला — तांबूस शेपूट, टोकाला काळा पट्टा. वर वर चढला आणि शीळ घालत टप्प्याटप्प्यानं खाली आला, जिना उतरल्यासारखा. हा देशावरचा पक्षी, तिकडच्या कोरड्या माळरानातला. इथे समुद्राकाठी त्याचं काय काम? दुर्बीण खाली ठेववेना.

घरी आले तर नानांचं धोतर ओलं, चादर ओली, गादीसुद्धा. झालं! धुणं संपेस्तोवर अंधार पडला.

११ फेब्रुवारी

नानांना अजून सांगितलं नाही. आधी मुंबईच्या पक्षीमंडळाला पत्र टाकलं.

तीस-एक वर्षांपूर्वी नानांनी याच माळावर मुरारी पाहिला होता. तेव्हा मंडळातल्या साहेबांनी उत्तर दिलं — पक्षी मारून, पेंढा भरून पाठवा. नाहीतर तुम्ही चिमणीच पाहिलीत असं समजू. आमच्या घरात बंदूक कधी नव्हती. नाना पुरावा आणणार कुठून? तेव्हापासून माझे वडील गावात ‘मुरारीनाना’. लग्नाच्या पंगतीतसुद्धा — ‘काय नाना, आला का तुमचा मुरारी?’ नाना आपले हसायचे. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. अजून जाते.

१७ फेब्रुवारी

आहे, अजून आहे. आज नानांना सांगितलं. अर्धांगवायू झाल्यापासून दिवसाकाठी दोन शब्द निघतात तोंडातून. चालत्या हातानं जवळ बोलावलं. मग म्हणाले, ‘एकटा?’

मला माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारी

मंडळाचं उत्तर आलं. मारून पाठवा! साहेब गेले, आपली माणसं खुर्चीवर बसली, पण ओळ तीच. शिष्ट मेले!

२१ फेब्रुवारी

धाकटा भाऊ विद्याधर आला मुंबईहून, जेवला, निघाला. मुलगा म्हणून नानांच्या पायांना हात लावून झाला. जाताना म्हणतो, ‘ताई, आता तूही मुरारीताई होणार बघ!’ डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. ते ऐकायला हा नव्हता. सगळं मीच ऐकायचं. शाळेत शिकवायचं मी, गादी मी, औषध मी. कंटाळा आलाय. नानांचा नाही — पण आलाय खरा.

गेले तर मुरारीनाना म्हणूनच जाणार का ते?

२४ फेब्रुवारी

चर्च सुटल्यावर पीटरला गाठलं. तो खाडीकडे बदकं मारतो. बंदूक त्याच्या बापाची.

‘एवढासा जीव, बाय! त्याला मारून काय करनार?’

सगळं सांगितलं.

‘बुधवारी कपाळाला राख लागली की बंदूक खुंटीला. मग ईस्टरपर्यंत उपास, बार नाय. बापाच्या वेळेपासून तसंच हाय आमच्यात.’ मग हळूच, ‘नाना म्हनाले का, मार म्हनून?’

मी हो म्हणाले. खोटं बोलले. ईस्टरपर्यंत कोण थांबणार? नाना थांबतील का?

२६ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या राखेचा बुधवार. आज झालं.

पीटरनं केळीच्या पानात गुंडाळून आणला. छातीवर रक्ताचा एक ठिपका, बाकी अगदी झोपलेला. अंग अजून ऊन होतं. मी नानांच्या चालत्या हातावर ठेवला. ‘नाना, हा बघा तुमचा मुरारी. आता कोण हसतंय बघू!’ त्यांनी बोटानं शेपूट चाचपली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग तोंड भिंतीकडे केलं.

इतक्या वर्षांनी हातात आला — रडू येणारच. मीही रडले.

पीटरनं ओटीवर बसून कापूस भरला. चहासुद्धा घेतला नाही.

२७ फेब्रुवारी

पार्सल गेलं. वाटेत पीटर दिसला, कपाळावर राख. मान खाली घालून गेला.

३ मार्च

नाना जेवत नाहीत. भरवलं की ओठ मिटतात. हट्टीपणा नुसता!

९ मार्च

काल आलं पत्र! नोंद पक्की. जुनी नोंदही आता खरी धरली, नानांच्या नावावर. मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. मग विहिरीवर सांगितलं, शाळेत सांगणार, विद्याधरला तर खास कार्ड टाकणार. विहिरीवर कोणी हसलं नाही.

नानांनी डोळे उघडले नाहीत. थकले असतील. मीही थकलेय. आज रविवार असून माळावर गेले नाही.

११ मार्च

सकाळी पेज भरवताना नाना बोलले. तुटक, पण स्पष्ट.

‘बंदूक होती तेव्हा. पीटरच्या बापाची. हातात दिली त्यानं. नेम धरला होता मी.’

दम लागला. मी तोंड पुसलं.

‘गात होता गं.’