रिकामं आहे, आबा

आबा, काल दुपारी एक पोलीस आपल्या ब्रॅम्पटनच्या घरी आला आणि तुमचं पिस्तूल घेऊन गेला. आईने त्याला चहा दिला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ती पेटी एवढा काळ बेसमेंटमध्ये, तुम्ही ठेवली होती त्याच फळीवर होती. आई आता हे घर विकून माझ्याजवळ वॉटर्लूला कॉन्डोत राहायला येणार आहे. पेटी बरोबर न्यायची नाही एवढंच माझं नक्की होतं. कालचं सगळं सांगते, पण त्याआधी मागचं सांगावं लागेल, कारण तुम्ही असतानाही आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

आपल्या घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिली. तुम्ही आठवीतून सुटून फौजेत गेलात, आईला जेमतेम सही येते. मामाने इथे बोलावून घेतल्यावर तुम्हाला पैसे वाहणाऱ्या चिलखती गाडीवर गार्डचं काम मिळालं, ते फौजेच्या कागदांवर. पण त्या कामाला पिस्तुलाचं लायसन्स लागायचं, वर कमरेला लावून हिंडायचा वेगळा परवाना, आणि ते सगळे फॉर्म इंग्रजीत. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सेफ्टीच्या कोर्सचं पुस्तक मी स्वयंपाकघरात टेबलावर बसून तुम्हाला मराठीत वाचून दाखवायचे, आणि तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून ते पाठ करायचात. पिस्तूल सुरक्षित दिशेला धर, काडतुसं काढ, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती पोकळी, बघ. फॉर्मवरच्या चौकोनांत तुमचं नाव आहे, पण अक्षर माझं. कुठे खाडाखोड झाली तर मी अख्खा फॉर्म नव्याने भरायचे. तुम्ही म्हणायचात, "आगं पोरी, गोरा त्याच्यावर पोळ्या लाटणार हाय का?"

कंपनीचं रिव्हॉल्व्हर ड्यूटी संपली की कंपनीतच राहायचं. घरी असायचं ते तुमचं स्वतःचं, क्लबमध्ये सराव करायला घेतलेलं. दर वर्षी कंपनीच्या नेमबाजीच्या परीक्षेत आपण नापास होऊ अशी तुम्हाला भीती होती, म्हणून घेतलंत, आणि मग त्याचा नादच लागला. शनिवारी तुम्ही मला बरोबर न्यायचात, बोलायला. क्लबमधले म्हातारे तुमचा हेवा करायचे, कारण त्यांच्यातल्या कोणालाच कमरेला लावायचा परवाना कधी मिळणार नव्हता. इथे तो मिळतो तुमच्यासारखं काम करणाऱ्यांना, किंवा रानात अस्वलं असतात तिथे राबणाऱ्यांना. एक जण एकदा म्हणाला, सीमेपलीकडे जा, तिथे लोक ग्रोसरी आणायलाही लावून जातात. मी तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही हसलात. "त्याला सांग, माझी कंबर दिवसभर जड असती. दूध आणायला जाताना तरी हलकी राहू दे." मी सांगितलं तेव्हा तो म्हातारा इतका हसला की त्याचे दात निसटले.

घरी एक नियम तुमचा होता, पुस्तकात नसलेला. पेटीतून काढताना आणि पेटीत ठेवताना चेंबर दोघांनी बघायचं. तुम्ही बेसमेंटच्या बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचात, कारण त्या भिंतीपलीकडे नुसती माती आहे. पिस्तुलाचा वरचा सरकता पत्रा मागे ओढून अडकवायचा, आधी स्वतः बघायचं, मग फौजेतल्या आवाजात म्हणायचं, "जाँच शस्त्र." मग मी पुढे होऊन आत बघायचे आणि म्हणायचे, "रिकामं." पहिल्यांदा मी पायरीवरूनच म्हणाले होते. तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं म्हणालात, "लांबून बगणं म्हणजे न बगणं. करंगळी घाल." त्या दिवसापासून मी करंगळी घालते. बोटाला तेलाचा वास यायचा आणि आई जेवायच्या आधी दोनदा हात धुवायला लावायची.

मी खरंच बघते का, याचीही तुम्ही परीक्षा घ्यायचात. त्यासाठी एक खोटं काडतूस केलं होतं. आत दारू नाही, पितळेला बाजूने भोक पाडलेलं, आणि ओळखू यावं म्हणून आईच्या नेलपॉलिशने लाल रंगवलेलं. ते कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत असायचं, तेलाच्या बाटलीशेजारी. त्या डबीचं झाकण उघडताना टप्प असा आवाज यायचा. मी तेरा वर्षांची असताना एकदा करंगळी आत गेली आणि अडली. मी इतकी घाबरले की "रिकामं नाही" म्हणायच्या ऐवजी "सॉरी" म्हणाले. तुम्ही पाठीवर थाप मारलीत आणि पेटीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. मी ती परत दिली. म्हटलं, आबा, लायसन्स नसलेल्याकडे किल्ली असणं कायद्यात बसत नाही. तुम्ही आईला हाक मारून म्हणालात, "ऐकलंस का, घरातच इन्स्पेक्टर जन्माला आलाय." पुढच्या आठवड्यात किल्लीऐवजी एक शाईचं पेन आणलंत, फॉर्म भरायला. हे मी त्याच पेनाने लिहिते आहे.

आता ती खंडेनवमी. मी सतरा वर्षांची. आई वर चौरंगावर विळी, कात्री, तुमचा पान्यांचा डबा, माझी पुस्तकं मांडते आहे. मी बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरसमोर, वॉटर्लूच्या युनिव्हर्सिटीचा अर्ज भरते आहे. सकाळीच तुम्ही म्हणाला होतात, "तू गेलीस की इथं बगायचं कुणी?" तुम्ही गंमतीत म्हणालात, पण मला ते लागलं. मी म्हटलं, "आईला शिकवा. मी काय जन्मभर तुमच्या पिस्तुलात बोट घालत बसू?" असं मी तुमच्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. दुपारी पूजेसाठी पेटी घ्यायला खाली आलात. माझी तुमच्याकडे पाठ होती. पान उघडायला वेळ लागत होता, स्क्रीन काळी होती, आणि त्या काचेत मला तुम्ही दिसत होता. स्वेटर, भिंतीकडे रोखलेला हात, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. पत्रा ओढल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ गेला. मग, "जाँच शस्त्र."

मी वळले नाही. म्हटलं, "रिकामं."

तुम्ही दुसऱ्यांदा कधी विचारायचा नाहीत. त्या दिवशी विचारलंत. "नक्की बगितलंस?"

"हो."

"बरं," तुम्ही म्हणालात. पत्रा पुढे गेला, ट्रिगरचं कुलूप लागलं, पेटीचं कुलूप लागलं. वर तुम्ही बंद पेटीला कुंकू लावलंत. जेवताना आईशी बोललात, माझ्याशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच फेरीत, गाडीत बसल्या जागी तुमचं हृदय थांबलं. शेजारच्या गार्डला वाटलं, डुलकी लागली. कंपनीच्या माणसाने येऊन तुमचा पट्टा, बिल्ला आणि परवान्याचं कार्ड नेलं. तो म्हणाला, रिव्हॉल्व्हर दोघांसमोर रिकामं करून जमा केलं आहे. मला तोवर रडू आलं नव्हतं, ते या वाक्याला आलं.

दिवस झाल्यावर मी बेसमेंटमध्ये गेले आणि ती काळी डबी उघडली. ती रिकामी होती. फळीमागे बघितलं, कपडे वाळवायच्या ड्रायरखाली, तुमच्या स्वेटरच्या खिशांत. आई पायऱ्यांवरून म्हणाली, "काय शोधतीस गं?" मी म्हटलं, काही नाही. एकच जागा बघायची राहिली होती आणि तिची किल्ली आता खरोखरच माझ्याकडे होती. मी ती लावली नाही. मामाला मी एवढंच सांगितलं की मी त्या दिवशी बघितलं नव्हतं, आत खरं काडतूस असलं तर. मामा म्हणाला, "हात लावू नकोस मग." कोणीच हात लावला नाही.

पण बेकायदा काही ठेवणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अठराची झाल्यावर मी कोर्स केला, लायसन्स काढलं, पिस्तूल माझ्या नावावर करून घेतलं, क्लबची मेंबर झाले. कोर्सला मी प्रत्येक बंदूक तीनतीनदा तपासायचे, शिकवणारा वैतागायचा. आणि घरी लायसन्सच्या कागदांवर सही करताना, हत्यार रिकामं ठेवलेलं आहे हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो आहोत, असं मनात यायचं. यंदा सरकारने लांब बंदुकांची नोंद ठेवणं बंद केलं, क्लबमध्ये केक कापला. पिस्तुलांची नोंद आहे तशीच आहे. त्या नोंदीत माझं नाव आहे.

दर खंडेनवमीला आई पेटी न उघडता झाकणाला कुंकू लावते आणि पुसून काढत नाही. झाकणावर नऊ वर्षांचा एक काळपट लाल डाग झाला आहे, हात लावला तर बोटाला येत नाही. बेसमेंटमध्ये एकटी असले की मला टप्प असा आवाज येतो. मी इंजिनिअर आहे, मला माहीत आहे की हीटिंग सुरू झालं की पत्र्याची नळी तापते आणि वाजते. पण तो आवाज जुलैतही येतो. आणि ऑफिसात वॉटर्लूला, काम करता करता मॉनिटर झोपतो, काच काळी होते, तेव्हा माझ्या खांद्यामागे कोणीतरी उभं असतं, भिंतीकडे हात करून. तो कधी काही म्हणत नाही. माझ्या बोलण्याची वाट बघत असतो. मी माऊस हलवते.

गेल्या आठवड्यात पोलिसांना फोन केला. बाईने विचारलं, "Is it unloaded?" मी म्हटलं, "I don't know." ती म्हणाली, नऊ वर्षं तुझ्याकडे आहे ना? मी म्हटलं, हो.

काल आलेला पोलीस पंजाबी होता, माझ्याच वयाचा. दारातच म्हणाला, "आंटीजी, बूट उतारूँ?" आई म्हणाली, "रहने दो बेटा, लाकडी फरशी है." मी त्याला खाली नेलं. पेटी टेबलावर ठेवताना म्हटलं, तोंड त्या भिंतीकडे करा, मागे माती आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पेटी फिरवली. दोन्ही कुलपं उघडली. पत्रा घट्ट झाला होता, त्याने दोनदा जोर लावला. मग पत्रा सर्रकन मागे आला आणि आतून काहीतरी लाल उडालं, ड्रायरवर आपटलं, आणि गडगडत माझ्या पायाशी येऊन थांबलं.

पोलीस एकदम मागे सरला. मग वाकून बघितलं आणि उचललं. "डमी है," तो म्हणाला. "Somebody drilled it. आपको पता था?"

मी उलट विचारलं, मी एकदा आत बघू का? त्याला नवल वाटलं असावं, पण त्याने पिस्तूल भिंतीकडेच धरून ठेवलं. मी पुढे होऊन बघितलं, करंगळी घातली. गार होतं, जुन्या तेलाचा वास होता. मी मोठ्याने म्हणाले, "रिकामं." त्याला मराठी कळलं नाही. तो ते काडतूस मला परत देत म्हणाला, "ये रख लो, it's nothing." म्हणजे एवढी वर्षं मी केलेली एकही सही खोटी नव्हती. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

वर आईने विचारलं, "काय होतं गं आत?" मी म्हटलं, "काही नाही. रिकामं होतं." ती म्हणाली, "मला ठावं होतं. ते कधी चुकायचे नाहीत."

काडतूस त्या काळ्या डबीत परत ठेवलं आहे, डबी माझ्या पर्समध्ये आहे. हे पत्र घडी करून कुठे ठेवायचं ते ठरलेलं नाही. पत्ता घालायचा नाही, तेवढं बरं आहे, नाहीतर त्यातही मी चूक शोधत बसले असते. पण एक राहिलं. आत खरं काडतूस असेल अशी भीती मी मामाला सांगितली, आणि हळूहळू स्वतःलाही. ती खोटी होती. त्या दुपारी, तुम्ही पत्रा ओढलात आणि विचारायच्या आधी थोडा वेळ गेला, तेव्हा माझ्या पाठीमागे त्या डबीच्या झाकणाचा टप्प असा आवाज झाला होता, आणि तो मी ऐकला होता.